कामिलच्या गाडीची खडखड

कोरियन माणूस सूड घ्यायला निघाला की आधी पोटभर जेवतो. एकटाच बसतो, वाफाळत्या शेवयांचा वाडगा तोंडाला लावतो, सुर्र सुर्र आवाज करत संपवतो. मग तोंड पुसतो, काळा लांब कोट चढवतो आणि भर पावसात बाहेर पडतो. छत्री नेत नाही. हे ज्ञान मला उतारवयात झालं, आणि झालं त्याच आठवड्यात मलाही एक सूड घ्यायचा होता. याला योगायोग म्हणायचं की टीव्हीवाल्यांचं माझ्यावर लक्ष होतं, ते मला अजून कळलेलं नाही. तसं या प्रकरणात मला कळलेल्या गोष्टी फार थोड्या.

आधी गुन्हा सांगतो.

हिद्दच्या धक्क्याजवळ मी एकदा हामूर पकडला होता. हामूर म्हणजे इथल्या माशांमधला थोरला जावई, ताटात पहिला मान त्याचा. माझ्या गळाला लागलेल्या हामुरानं आमची होडी ओढत नेली. नेली ती थेट अर्ध्या बहारीनला वळसा घालून सौदीच्या पुलापर्यंत. व्हिसा नसताना मी परदेशात शिरतोय हे त्या माशाच्या लक्षात आलं असावं, कारण हद्दीवर त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. माशाला मान नसते, हे मलाही माहीत आहे. म्हणून तर सांगण्यासारखी गोष्ट.

रिफामधल्या आमच्या कंपाउंडात नवीन बिऱ्हाड आलं की आधी किल्ली मिळते, मग कचरा कुठे टाकायचा ते कळतं आणि मग माझा हामूर. वर्षानुवर्षांची पद्धत आहे. यंदा एस्थरच्या घरी वाढदिवस होता. एस्थर ही आमच्या डोक्यावर राहणारी वसईची नर्स. तिथे एक नवीन जोडपं भेटलं. मी गोष्ट रंगवत आणली. होडी पुलाखाली पोचली, मासा मान वळवणार, नवऱ्याच्या हातातला समोसा हवेत थांबलेला, आणि कामिल केकचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला, "अरे, तो हामूर आपण मनामाच्या मासळीबाजारातून नव्हता का आणला? तू भाव करत होतास. पिशवी मी धरलेली."

लोक हसले. कामिलची बायको एडना सगळ्यांत जास्त हसली, पण तिला हसताना ठसका लागतो म्हणून तिला माफ.

कामिल माझा वीस वर्षांचा शेजारी. पलीकडच्या दारात राहायचा, एका हॉटेलात भांडारप्रमुख होता. माणूस सरळ, आणि सरळ माणसासारखा घातकी माणूस नसतो. त्या दिवसापासून मी "आज उकडतंय" म्हटलं तरी समोरचा मोबाइल काढून तापमान बघू लागला. त्यात कामिल महिनाअखेरीस नोकरी संपवून कायमचा वसईला चाललेला. म्हणजे तो आपला सुटणार, आणि मी मात्र इथे 'पिशवीतल्या हामुराचे काका' म्हणून मरणार. जे काही करायचं ते त्याचं विमान उडायच्या आत करायला हवं होतं.

काय करायचं, हे कोरियानं शिकवलं.

आमची मुलगी स्पृहा बँकेत आहे. मी निवृत्त झाल्यापासून शुभदा आणि मी तिच्या व्हिसावर राहतो. ज्या मुलीला मी सायकल शिकवली ती आज सरकारदरबारी माझी स्पॉन्सर आहे, त्यामुळे रिमोट तिच्या हातात असतो, आणि मी त्याबद्दल बोलत नाही. तिनं कोरियन चित्रपट लावायला सुरुवात केली. मला पहिले तीन-चार समजलेच नाहीत. सगळ्यांचे कोट काळे, सगळ्यांचे केस सारखे. मरतो तो कोण हे कळेपर्यंत त्याचा भाऊ सूड घ्यायला निघालेला असतो, आणि तो भाऊ मेलेल्याचा की मारणाऱ्याचा, हे खालची अक्षरं वाचेपर्यंत तिसराच कोणी तरी जिन्यावरून गडगडत येतो.

"हा चांगला की वाईट?" मी विचारायचो.

"Baba, nobody is good," स्पृहा म्हणायची. "Just watch."

"अहो, तो मघाशीच मेला," शुभदा भाजी निवडत सांगायची. "हा त्याच्यासारखा दिसणारा दुसरा."

त्यातला एक दंतवैद्याचा चित्रपट मात्र मला मनापासून समजला. एका माणसाला सूड घ्यायचा असतो. तो काय करतो, तर दंतवैद्यकाची पदवी घेतो. पाच वर्षं अभ्यास, परीक्षा, सगळं रीतसर. दवाखाना टाकतो आणि वाट बघतो. आज ना उद्या शत्रूचा दात दुखेलच. आपल्याकडे याला नोकरी म्हणतात. आणि एके दिवशी शत्रू गाल धरून येतो, आपल्या पायांनी येतो, खुर्चीत बसतो आणि आ करतो. इथे मला झोप लागली. पण तत्त्व मिळालं होतं. शत्रूच्या मागे धावायचं नाही, त्याला आपल्या खुर्चीत येऊ द्यायचं.

दुसऱ्याच दिवशी दारावरची बेल वाजली. कामिल.

"शैलेंद्र, एक काम कर ना. माझी गाडी पासिंगला ने. एस्थर घेतेय ती. पासिंग झालं की नावावर करायची. मला पॅकिंगमधून सवड नाही आणि एडना सगळीच भांडी न्यायची म्हणते."

आणि त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. आ करून.

या गाडीविषयी दोन शब्द. कामिलला कसलाच गर्व नाही, फक्त या जुन्या पांढऱ्या गाडीचा आहे. "आवाज ऐकलास?" तो विचारतो. आपण म्हणतो नाही. "तेच तर," तो म्हणतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिनं इतक्या वर्षांत तेलपाण्यापलीकडे काही मागितलं नाही. माझा डाव न्यायाचा होता. त्यानं चारचौघांत माझा हामूर पिशवीत घातला. मी चारचौघांत त्याच्या गाडीला खडखड लावणार. एस्थर पहिल्यांदा चालवायला बसेल, कंपाउंड हात हलवत उभं असेल, आणि गाडी पत्र्याच्या डब्यात खडे भरल्यासारखी जाईल. रक्तपात नाही. मी शाकाहारी सुडाचा माणूस. मासे सोडून.

तुबलीला मुझम्मिलचं गॅरेज आहे. त्याच्याकडे मी वर्षानुवर्षं जातो. मी गाडी लावली, त्यानं चहा मागवला, मी इकडेतिकडे बघून विषय काढला.

"इसमें खडखड बिठाना है."

"निकालना है."

"नहीं. बिठाना."

मुझम्मिलनं कप खाली ठेवला. "साब, दुनिया आवाज़ निकलवाने आती है. डालने का तो मेरे पास रेट भी नहीं है."

मी सांगितलं की थोडीच हवी. जीवाला धोका नको, मानाला हवा. एखादा नट सैल केला की झालं. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी फक्त सासऱ्यांकडे पाहिलेली आहे. तरी बिचारा गाडीखाली शिरला. बराच वेळ आतून फक्त त्याचे पाय दिसत होते. मग पाय बोलले, "साब, इसमें ढीला करने को कुछ बचा नहीं."

"मतलब?"

"सब पहले से ढीला है. ये गाड़ी नट पर नहीं, दुआ पर चल रही है. एक भी और खोला तो पहिया अलग जाएगा, मैडम अलग."

आता आली पंचाईत. चाकासकट एस्थर जाणं माझ्या योजनेत कुठेच बसत नव्हतं. आणि तोवर दोन आठवडे कामिलच ती चालवणार होता. वसईच्या माणसाचा असा इथेच शेवट झाला तर सूड कोणाचा आणि कोणावर घ्यायचा? मला आठवलं, कोरियन नायकही असंच करतो. शत्रू नदीत बुडायला लागला की आधी उडी मारून त्याला बाहेर काढतो, वाळवतो, आणि मग आपल्या पद्धतीनं पुढे बघतो.

"आवळ," मी म्हणालो. "सगळं आवळ."

त्यानं आवळलं. काही बदललंही. पैसे मीच दिले. पासिंगच्या ठिकाणी रांगेतल्या माणसानं विचारलं, गाडी कोणाची? मित्राची. मित्र कुठे? भांडी बांधतोय. मित्राचं रेसिडेंट कार्ड? मित्राकडे. अपॉइंटमेंट? ती मित्राच्या फोनवर. त्यानं काचेतून हात हलवत "बुकरा" म्हटलं. बुकरा म्हणजे उद्या, पण कोणता उद्या ते देवावर असतं. दुसऱ्या उद्याला कार्ड नेलं तर सिस्टिम बंद. तिसऱ्याला गाडी तपासली आणि तपासनीस मला म्हणाला, ठेवावी तर अशी ठेवावी. मी शत्रूच्या गाडीसाठी परक्या देशात शाबासकी घेतली.

गाडी परत नेली तेव्हा कामिलनं एक फेरी मारली. उतरला तेव्हा त्याचा चेहरा चमत्कारिक झाला होता.

"शैलेंद्र, हिला काय केलंस?"

"काही नाही."

"आवाज येत नाही."

"पूर्वीही येत नव्हता म्हणायचास."

त्यानं बॉनेट थोपटलं. 

त्या संध्याकाळी एडनानं स्टीलचा डबा पाठवला. आत तिचे फुगे, नारळाच्या रसात मैदा भिजवून तळलेले, गरम. झाकणावर तिच्या लग्नात कोरलेलं नाव. मी डबा परत द्यायला निघालो तर शुभदा दारात आडवी. "रिकामा? आपल्यात रिकामा डबा परत करतात का?" तिनं त्यात रव्याचे लाडू भरले. दोन दिवसांनी डबा सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आला. गेला तो चकल्या घेऊन. आला. गेला. सुडाच्या काळात दोन घरांत असा फराळ चालू राहिला तर माणसानं दात ओठ खायचे कधी? तोंड कायम भरलेलं.

मी ठरवलं, माझी तयारीच कमी पडते आहे. कोट हवा. पुण्याहून आणलेला लोकरीचा लांब कोट कपाटात होता. तो चढवला, काळा चष्मा लावला आणि कामिलच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसलो. विचार करायला. महिना ऑगस्ट. संध्याकाळचे सहा म्हणजे बहारीनमध्ये समुद्रच हवेत चढून बसलेला असतो. पाच मिनिटांत माझ्या कोटाच्या आत हिद्दचा धक्का झाला. पाऊस नव्हता, पण मी बाहेरून बघणाऱ्याला पावसात बसल्यासारखा दिसत असलो पाहिजे, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले होते.

"अंकल?" ड्युटीवरून येणारी एस्थर समोर उभी. "तुम्ही कोट का घातलाय?"

आता काय सांगणार? "थंडी वाजतेय," मी म्हणालो.

तिनं माझं मनगट धरलं. घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा मऊ झाला. नर्सचा चेहरा मऊ झाला की समजावं, आपलं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मला काहीच समजेनासं झालं. सकाळी शेजारची नसीमा, जिनं माझ्याशी कचऱ्याच्या पिशवीवरून अबोला धरला होता, ती पेज घेऊन आली. "अंकल, नमक नहीं डाला, आप के लिए अच्छा है." दुपारी एस्थर उकडलेला दुधी घेऊन आली आणि जाताना माझ्या ताटातला तळलेला मासा उचलून घेऊन गेली. संध्याकाळी ते समोसेवालं नवीन जोडपं आलं. दोघं सोफ्याच्या कडेवर बसले.

"काका," नवरा म्हणाला, "त्या हामुराची गोष्ट त्या दिवशी अर्धीच राहिली."

मी बिचकत सुरुवात केली. पुलापर्यंत आलो आणि सवयीनं थांबलो. कोणी हसलं नाही. मग मी मासा मान वळवून बघतो ते सांगितलं. नवऱ्यानं डोळे पुसले. मी धीर करून पुढे सांगितलं की मासा माझ्याशी अरबीत बोलला. "काय म्हणाला?" बायकोनं हलकेच विचारलं. इतकी वर्षं गोष्ट सांगतोय, हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला.

"खलास," मी म्हणालो. "खलास म्हणाला, आणि गळ सोडून दिला."

ती मुलगी स्फुंदू लागली.

मान परत मिळाला होता. दहापट मिळाला होता. मी जे बोलेन ते लोक मान खाली घालून ऐकत होते. मी एका पावसाळ्यात मगरीवर बसून शाळेत गेलो होतो हे त्या आठवड्यात कंपाउंडनं मान्य केलं. पण का, ते कळत नव्हतं, आणि पेज थांबत नव्हती. डब्यांची रांग. आणि रिकामा डबा परत करायचा नाही, म्हणून शुभदा सगळ्यांच्या डब्यात लाडू भरत होती. म्हणजे कंपाउंड माझे लाडू खात होतं आणि मी कंपाउंडची पेज पीत होतो.

"अहो, लिफ्टमध्ये बायका माझा हात धरून रडतात," ती एकदा म्हणाली. "तुम्ही काही केलंय का?"

"मी तर सूडसुद्धा घेतला नाही."

"कसला सूड?"

मी पेजेचा घोट घेतला.

शेवटी स्पृहानं मला दवाखान्यात नेलं. स्पॉन्सरला नाही म्हणता येत नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं, म्हणाले तब्येत ठणठणीत आहे, औषध काहीही नाही. शुभदानं हे आनंदानं नसीमाला सांगितलं. "डॉक्टरने दवा भी नहीं दी." संध्याकाळपर्यंत ते कंपाउंडभर झालं, आणि रात्री पेजेत आणखी तीन डब्यांची भर पडली. ज्याला डॉक्टरही औषध देत नाही त्याला शेजाऱ्यांनी निदान पेज तरी द्यावी, असं त्यांचं मत पडलं.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. हे लोक मला पोचवायला निघालेत.

खरं सांगायला हवं होतं. पण सांगितलं की हामूर गेला, मगर गेली, सगळं परत पिशवीत. मी दोन दिवस गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, ते दोन दिवस फार चांगले गेले.

कामिलच्या निरोपाचं जेवण आलं. त्यांच्या घरात भिंतींवर फक्त खिळे उरले होते. एडनानं कोंबडी केली होती आणि माझ्यासमोर पेज ठेवली होती. जेवणं झाल्यावर कामिल उठला.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "त्या दिवशी एस्थरकडे मी खोटं बोललो. हामूर शैलेंद्रनंच पकडला होता. मी होडीत होतो. शपथेवर सांगतो, एवढा मोठा मासा मी नंतर बघितला नाही. आणि मान वळवली त्यानं. मीही बघितलं."

 मी पेजेचा वाडगा बाजूला सारला.  ज्या सरळ माणसानं जन्मात थाप मारली नाही त्यानं माझ्यासाठी पहिली मारली, तीही शपथेवर. मला ते सोसलं नाही. मी उभा राहिलो.

"ऐका," मी म्हणालो. "मला काहीही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे. हामूर बाजारातलाच होता. आणि कामिल, तुझी गाडी मी दुरुस्त करायला नेलीच नव्हती. तिला खडखड बसवायला नेली होती."

सगळे माझ्याकडे अपार करुणेनं बघत होते.

"अंकल, बसा," एस्थर म्हणाली. "असं होतं कधी कधी. काहीबाही आठवतं."

"शेवटपर्यंत दुसऱ्यालाच मोठेपणा देतायत," नसीमाला कोणी तरी हिंदीत समजावून सांगितलं. तिनं पदर डोळ्यांना लावला. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत सगळं खरं बोललो होतो, आणि माझी ती एकच गोष्ट कोणी मानली नाही.

विमान दुसऱ्या दिवशी होतं. एस्थरची ड्युटी होती, म्हणून तिची नवी जुनी गाडी घेऊन मीच दोघांना विमानतळावर सोडायला निघालो. मागे एडना, मांडीवर पिशवी. गाडी लोण्यातून जावी तशी चालली होती.

"आवाज ऐकलास?" कामिल म्हणाला.

"नाही."

"तेच तर." मग थोडं थांबून, "स्पृहा म्हणाली, तो दाताच्या डॉक्टरचा पिक्चर बघितलास तू. शेवट बघितलास?"

"झोप लागली. का?"

"त्या पेशंटला पहिल्यापासून माहीत असतं की डॉक्टर कोण आहे. म्हणून तर तो तिथेच जातो. वाट बघतो, हा काय करतोय."

मी सिग्नलला थांबलो. हिरवा होता. मागून हॉर्न वाजले.

"मुझम्मिल माझाही मेकॅनिक आहे, शैलेंद्र. तू चहा पीत होतास तेव्हाच त्यानं मला फोन केला. म्हणाला, आप का दोस्त आया है, आवाज़ डलवाने. मी म्हटलं, तो सांगेल ते कर, पैसे मात्र त्याच्याकडून घे."

"आणि आजार?"

"कोट तुझा. पुढचं मी एस्थरला सांगितलं. म्हटलं, तो कोणाला सांगत नाही, पण तुम्ही त्याला जपा."

"पेज?"

"मिठाशिवाय," मागून एडना म्हणाली, आणि तिला ठसका लागला. "ते मी सांगितलं, भावोजी."

मी हिशेब लावायचा प्रयत्न केला. त्यानं माझी गोष्ट मोडली, मी त्याची गाडी जोडली, त्यानं मला मारलं, मग माझी गोष्ट जोडली. यात सूड कोणी कोणावर घेतला? खालची अक्षरं कुठेच येत नव्हती.

"पण काल तू शपथेवर खोटं बोललास," मी म्हणालो.

कामिल खिडकीबाहेर बघत होता. "खोटं कशाला? तू इतकी वर्षं सांगतोयस. मलाच आता नक्की आठवत नाही मी पिशवी धरली होती की वल्हं."

विमानतळावर मी बॅगा उतरवल्या.  एडनानं मांडीवरची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, घरी जाऊन उघडा. घरी जाऊन उघडली. तोच स्टीलचा डबा. आत हामुराच्या तुकड्या, लाल मसाल्यात तळलेल्या, आणि मीठ असं की जीभ रडावी. मी उभ्यानंच खाल्ल्या. शुभदा बघत राहिली. एस्थर वरून आली, तिनं माझ्या हातातली तुकडी बघितली आणि या वेळी ती उचलून नेली नाही. माणसाची शेवटची इच्छा समजून गेली असावी.

कोरियन माणूस असता तर इथे संपलं असतं. पाऊस पडला असता, पडद्यावर नावं आली असती. पण शुभदानं डबा घासला, पुसला, झाकणावरचं एडनाचं नाव फडक्यानं चकचकीत केलं आणि ओट्यावर ठेवला.

"आता हा रिकामा कसा द्यायचा?" ती म्हणाली.

"वसईला जाऊन द्यायला हवा."

"भरून."

"भरून," मी म्हणालो. स्पृहाला रजेचं विचारलंय. डब्यात काय भरायचं ते माझं ठरलंय, पण सांगत नाही. एवढंच सांगतो की कामिलला तिथे दातांचा त्रास सुरू झालाय असं एडना फोनवर म्हणत होती, आणि लाडू मी या वेळी स्वतः वळणार आहे. कडक.